फायबरवाली मावशी

डोंगा बुडाला नसता तर मावशींची आणि माझी गाठ पडायचं काही कारणच नव्हतं. मी देवळी तालुक्यातल्या एका लहान गावचा. शाळेत कारकून, आणि दुसरं कुणी तयार होईना म्हणून गावच्या मच्छीमार संस्थेचा सचिव. आमच्या गावामागं सिंचनाचा तलाव आहे आणि त्यात मासे धरून पोट भरणारी काही घरं आहेत. संस्थेकडं फायबरचा एकच डोंगा होता. नावेला आमच्याकडं डोंगाच म्हणतात. त्या वर्षी होळी होऊन चार-पाच दिवस झाले असतील, भर दुपारी वादळ सुटलं आणि तो डोंगा पाण्यानं भरून तळाला गेला.

डोंग्यात दोघं होते. धर्माजी, साठीचे, सारा जन्म पाण्यावर गेलेला. आणि त्यांचा पुतण्या रमेश, दोन लेकरांचा बाप. रमेशच्या पायाला जाळं गुंडाळलं गेलं होतं. धर्माजींनी त्याला केसांना धरून काठावर आणला. तो चार दिवस दवाखान्यात राहून बरा झाला. धर्माजींना खरचटलंही नव्हतं, पण त्या दिवसापासून ते तलावाकडं पाठ करून बसायला लागले. कुणी काही विचारलं तर "हं" म्हणायचे.

आठ दिवसांनी दोर लावून डोंगा बाहेर काढला. पुढच्या बाजूला वीतभर तडा गेला होता. कुणी सांगितलं, नाचणगावात एक बाई फायबरचं काम करतात. मेटाडोरमध्ये डोंगा घातला आणि आम्ही तिघं निघालो: संस्थेचे अध्यक्ष, मी आणि धर्माजी. धर्माजींना कुणी या म्हटलं नव्हतं. ते आपले मागं डोंग्याजवळ जाऊन बसले.

मावशींचं शेड टिनाचं होतं. बाहेर कूलरच्या टाक्या, फुटक्या खुर्च्या, एका शाळेची घसरगुंडी. आत शिरल्याबरोबर नाकात झोंबणारा वास. साठीच्या आसपासची, हाडापेरानं मजबूत बाई नऊवारीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून एका डब्यात बाटलीतून थेंब टाकत होती. आमची चाहूल लागली तशी तिनं मान न वळवता एक बोट वर केलं. अध्यक्ष बोलायला लागले होते, ते थांबले.

"सतरा, अठरा, एकोनीस, वीस." बाटलीला झाकण लागलं. "हं. बोला आता."

ते हार्डनरचे थेंब होते. ते चुकले तर रेझिन, म्हणजे फायबर जोडायचा चिकट रस, एक तर घट्टच होत नाही, नाहीतर डब्यातच दगड होऊन बसतं. मोजताना कुणी बोललं आणि आकडा चुकला तर मावशी तो डबा सरळ बाजूला टाकायच्या आणि नवा घ्यायच्या. असं एकदा माझ्यामुळं झालं. त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "सेक्रेटरी, तुमाले जे सांगाचं ते वीसच्या बाद सांगत जा."

अध्यक्षांनी तडा दाखवला. "मावशी, एवढा जोडून द्या. दोन दिवसात पायजे. उन्हाळ्यात तलाव आटला का मंग आमाले डोंगा काय कामाचा?"

मावशींनी तड्याकडं बघितलंच नाही. शर्टाच्या खिशातून एक नाणं काढलं आणि डोंग्याच्या अंगावर टकटक करत फिरल्या. टोकापासून टोकापर्यंत. मग आतल्या तळावर टकटक. कान लावून. कोरड्या फायबरचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा बद्द येतो, हे मला नंतर कळलं. त्या वेळी वाटलं, बाई उगाच भाव खातेय.

"हा डोंगा पिऊन हाय," मावशी म्हणाल्या.

अध्यक्ष हसले. "डोंगा नाई मावशी, डोंगेवाला पिऊन होता."

गावात तसं बोललं जात होतं खरं. एवढा पाण्यातला माणूस, त्याच्या हातून डोंगा बुडतो म्हणजे त्यानं नक्कीच घेतली असणार. धर्माजी तिथंच, मेटाडोरच्या फाळक्याला धरून उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

मावशींनी अध्यक्षांकडं बघितलं, मग धर्माजींकडं. "मी डोंग्याचं सांगून राह्यली," त्या म्हणाल्या. "कागद हाय का याचा? वजन लिहिलं असन त्याच्यावर."

कागद माझ्या फायलीत होता. नव्वद किलो लिहिलं होतं. मावशी मेटाडोरमध्ये पुढच्या सीटवर चढून बसल्या आणि आम्हाला एका जिनिंगच्या वजनकाट्यावर घेऊन गेल्या, जिथं कापसाच्या गाड्या मोजतात. एकदा डोंग्यासकट गाडी मोजली, एकदा डोंगा उतरवून. फरक आला एकशे साठ. काट्यावरचा माणूस म्हणाला, काटा बरोबर आहे. मावशी म्हणाल्या, "म्हंजे सत्तर किलो पानी पोटात घेऊन फिरत होता हा. दोन मानसं, जाळं, अन् वरून हा तिसरा मानूस. कोनाले दिसत नव्हता एवढंच."

परत येताना धर्माजी मागं बसले होते. मी आरशात बघितलं. त्यांनी डोंग्यावर हात ठेवला होता.

अध्यक्षांचे दोन दिवस तिथंच संपले. मावशींनी सांगितलं, तळ कापावा लागेल, आतलं ओलं काढावं लागेल, सगळं वाळवावं लागेल, मग भरायचं. "किती दिवस?" "वाळन तवा." याच्यापुढं त्या बोलल्या नाहीत.

"सुकू द्या" हे त्यांचं उत्तर सगळ्यालाच असायचं. कुणी कूलरची टाकी घेऊन आला, उद्या पाहिजे म्हणाला, की "सुकू द्या". शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याशी त्यांचं गटाराच्या पाण्यावरून भांडण झालं होतं. लोकांनी मिटवायचा प्रयत्न केला तर मावशी म्हणाल्या, "आत्ताच काऊन जोडता? ओलं हाय अजून. सुकू द्या." आणि खरोखरच महिन्यानं एक दिवस गिरणीवाला आपणहून ज्वारीचं पीठ घेऊन आला. मावशींनी पीठ चाळून बघितलं, मग चहा ठेवला.

काम सुरू करायच्या आधी त्या हातांना, मानेला खोबरेल तेल लावून वर पावडर चोपडायच्या. म्याटची, म्हणजे काचेच्या तंतूंच्या कापडाची, कुसं अंगात शिरतात, खाज सुटते. काम झाल्यावर थंड पाण्यानंच धुवायचं, गरम पाण्यानं कुसं आणखी आत जातात. हे त्या नवऱ्याकडून शिकल्या होत्या. शेड नवऱ्याचं, शर्टही त्याचाच. तो गेला तेव्हा लोक सामान विकत घ्यायला आले होते. मावशींनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि त्यांच्यासमोर एका फुटक्या टाकीला ठिगळ लावून दाखवलं. लोक चहा पिऊन गेले. एवढंच त्यांनी मला कधीतरी सांगितलं, त्याहून जास्त नाही.

रेझिनमध्ये घालायच्या दोन बाटल्या असतात, एक हार्डनरची आणि एक कोबाल्टची. दोन्ही लागतात, पण त्या एकमेकींत सरळ मिसळल्या तर भडका उडतो. मावशींच्या शेडात एक बाटली या टोकाला आणि दुसरी त्या टोकाला असायची. नव्या माणसाला त्या सांगायच्या, "ह्या माह्या दोन जावा होत. दोघीबी कामाच्या. पन एका फळीवर नाई ठेवाच्या." त्यांच्या खऱ्या दोन जावा एकदा शेडात आल्या होत्या, तेव्हाही त्यांनी हे वाक्य म्हटलं, आणि दोघी आपापल्या टोकाला जाऊन हसल्या.

तळ कापला त्या दिवशी मी शाळेतून रजा काढून गेलो होतो. धर्माजी सकाळच्या गाडीनं आधीच पोचले होते. ते तोवर रोजच जायला लागले होते. दाराशी बसायचे. तिसऱ्या दिवशी मावशींनी त्यांच्या हातात घासकागद दिला होता, "बसून काय राह्यले, घासा," आणि तेव्हापासून ते घासत होते.

डोंग्याला दोन तळ असतात. मधल्या पोकळीत फोम भरलेला असतो. डोंगा पाण्यानं काठोकाठ भरला तरी त्या फोममुळं तो बुडून तळाला जात नाही, वर राहतो, माणसाला धरायला आधार मिळतो. मावशींनी ग्राइंडरनं वरचा तळ चौकोनी कापला आणि उचलला. आत पिवळा फोम असायला हवा होता. तो तपकिरी झाला होता. मावशींनी मूठभर उचलून पिळला. चहात बुडवलेल्या पावासारखं पाणी गळलं. कुजकट वास सुटला.

"हे आठ दिवसाचं पानी नाई," त्या म्हणाल्या. "वर्षा-दीड वर्षाचं हाय. कुठून गेलं, पाहू."

कापलेला तळ त्यांनी उजेडात धरला. मधोमध चार बारीक भोकं होती, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असतात तशी. एका भोकात काहीतरी पांढरं अडकलं होतं. मावशींनी ते नखानं काढलं, बोटांत चोळलं.

"मेन हाय. मेनबत्तीचं. हे भोकं कोनं पाडले?"

धर्माजी म्हणाले, "मले नाई मालूम."

मला माहीत होतं. आदल्याच्या आदल्या स्वातंत्र्यदिनाला संस्थेनं तलावात, डोंग्यावर झेंडा लावला होता. कल्पना माझी. पाइप उभा करायला लोखंडी बैठक लागत होती, ती मी स्वतः चार स्क्रूंनी डोंग्याच्या तळाला बसवली. फोटो छान आले. दुसऱ्या दिवशी बैठक काढली, भोकांत मेणबत्तीचं मेण वितळवून भरलं आणि विसरून गेलो. उन्हाळ्यात मेण गळून गेलं असणार. तेव्हापासून डोंग्यात साचलेलं पाणी रोज थेंब थेंब खाली झिरपत होतं.

मी गप्प राहिलो. काहीतरी काम आठवल्यासारखं करून घरी आलो. रमेशची दोन लेकरं आमच्या शाळेत आहेत. हजेरीपटावर त्यांची नावं रोज माझ्या हातानं लिहिली जातात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींचा फोन आला.

"सेक्रेटरी, झेंड्याचा फोटो तुमच्या फोनवर असन नं?"

नंतर कळलं, फोटो त्यांनी कुठं बघितला नव्हता. धर्माजींनी घासता घासता झेंड्याची गोष्ट सांगितली होती, कौतुकानं, त्यावरून मावशींनी ओळखलं; सांगणाऱ्याच्या ध्यानात मात्र काही आलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

"मी कोनाले नाई सांगत. ते माह्यं काम नाई. पन तो मानूस इथं रोज येऊन डोंगा घासते, जसं का त्यानंच पाप केलं. उद्या तुमी या. मी चहा मांडून देतो अन् गिरणीवर जाऊन बसतो. मंग तुमचं तुमी पाहा."

मी गेलो. मावशींनी खरंच चहा मांडला आणि निघून गेल्या. धर्माजी उकिडवे बसून घासत होते. मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. झेंडा, स्क्रू, मेण. डोंगा जड झाल्यामुळं पाण्यात खोल बसत होता, म्हणून लाट आत आली. आणि फोम भिजलेला होता म्हणून तो वर न राहता तळाला गेला. मावशींनी सांगितलं होतं तसंच सांगितलं. बोलताना मी त्यांच्याकडं बघत नव्हतो.

धर्माजींनी घासकागद खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे माह्या हातानं नाई बुडला?"

"नाही."

"म्या काठी उलटी मारली असन, असं वाटे. रोज हिसाब लावो. डाव्या अंगाले झुकलो का उजव्या. रमेश्याले कोन्या बाजूले बसवलं." त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढून तोंड पुसलं, आणि पुसतच राहिले. "माह्या हातानं नाई बुडला," ते पुन्हा म्हणाले, या वेळी विचारत नव्हते.

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हात हलवला. "तुमी काई मुद्दाम थोडंच केलं. पन सेक्रेटरी, आधी सांगतलं असतं त मी झोपलो असतो नं जी."

हे एवढंच ते मला बोलले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं मी तेव्हा म्हणालो असतो. पण खरं सांगायचं तर सगळं सांगून टाकल्यावर बरं वाटलंच होतं. मावशी परत आल्या, कपांकडं बघितलं. चहा तसाच होता, वर साय धरली होती. काही न विचारता त्यांनी तो परत गरम करायला ठेवला.

संस्थेच्या बैठकीतही मी उभं राहून सांगितलं. मला वाटलं होतं, सचिवपद काढून घेतील. अध्यक्ष धर्माजींकडं वळले. मग म्हणाले, "धर्माजी, म्या त्या दिवशी बोललो ते बोलाले नोतं पायजे." रमेश म्हणाला, "झेंडा आता काठावरच्या चिंचेजवळ लावू." लोक हसले. सचिव मीच राहिलो, कारण तरीही दुसरं कुणी तयार नव्हतं.

पण डोंगा अजून तयार नव्हता. एप्रिलचं ऊन, रिकामा डोंगा पालथा घातलेला. मावशी रोज त्याच्यावर प्लास्टिकचा एक पारदर्शक तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं लावायच्या आणि उन्हात ठेवायच्या. दुपारी त्या प्लास्टिकच्या आतून बारीक थेंब जमले की त्या म्हणायच्या, "अजून हाय." अध्यक्ष फोन करत होते. आमची माणसं थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून जाळी टाकत होती, कमी मासे येत होते. मी मावशींना विचारलं की आता लावलं तर काय होईल. "लागन नं," त्या म्हणाल्या. "लागन, चमकन, अन् दोन महिन्यानं पापडावानी सुटन. मंग तवा कोनाले केसाले धरून काढान?"

मी पुन्हा विचारलं नाही. अठराव्या दिवशी प्लास्टिक कोरडं निघालं. मग पोकळीत नवा फोम भरला.

उन्हात रेझिन फार लवकर धरतं, म्हणून त्या पहाटे पाचला काम करायच्या. म्याटचा तुकडा अंथरायचा, ब्रशनं रेझिन थोपटायचं, आतली हवा रोलरनं काढायची. ब्रश ओढायचा नाही, थोपटायचा. धर्माजींना त्यांनी रोलर दिला होता. दोघं दोन बाजूंनी काम करायची आणि फार बोलायची नाहीत. एकदा मी गेलो तर मावशी विचारत होत्या, "पान्याखाली डोये उघडे राह्यते का हो भाऊ?" आणि धर्माजी, ज्यांनी महिनाभर पाण्याचं नाव काढलं नव्हतं, हातानं दाखवून सांगत होते की राहतात, आणि खालून ऊन कसं दिसतं.

डोंगा गावात आणला त्या दिवशी सगळे काठावर जमले. मावशी आल्या होत्या, शर्टासकट. अध्यक्षांनी नारळ आणला होता. मावशी म्हणाल्या, "नारळ मंग फोडा. अगुदर हा बुडवून दाखवा."

कंबरभर पाण्यात डोंगा नेला आणि त्यांच्या सांगण्यावरून बादल्यांनी आत पाणी ओतायला सुरुवात केली. एवढ्या मेहनतीनं वाळवलेला डोंगा! लोकांचे हात जड झाले होते. "ओता," मावशी काठावरून ओरडत होत्या. पाणी काठोकाठ आलं. डोंगा खाली बसला, त्याचे काठ पाण्याला टेकले, आणि तो तिथंच थांबला. चार माणसं त्याच्या काठांवर लटकली. तो हलला, पण खाली गेला नाही. रमेश शेवटी आत उतरून पाण्यातच मांडी घालून बसला आणि हसायला लागला. मग सगळेच हसायला लागले. मी तिथंच गवतावर बसलो.

डोंगा रिकामा केला. धर्माजी काठावर उभे होते. काठी कुणीतरी त्यांच्या हातात दिली होती. ते पाण्याकडं बघत होते. पाठ करून नव्हते, पण पुढंही होत नव्हते.

"चाला," मावशी म्हणाल्या.

"तुमी बसान त मी बसतो," धर्माजी म्हणाले.

मावशी जन्मात कधी डोंग्यात बसल्या नव्हत्या, पोहणं तर सोडाच. त्यांनी शर्टाचं वरचं बटण नीट केलं, चपला काढल्या, पदर खोचला आणि काठावरच्या दोन बायकांच्या खांद्यांचा आधार घेत आत चढल्या. मधोमध बसून दोन्ही हातांनी दोन्ही काठ घट्ट धरले. धर्माजी मागून चढले. काठी पाण्यात गेली. डोंगा निघाला.

"हळू!" मावशी ओरडल्या. "हळू म्हनलं नं! हालून काऊन राह्यला हा?"

"पानी हालते ताई," धर्माजी म्हणाले. "डोंगा नाई हालत."

तलावाच्या मध्यापर्यंत त्यांचा ओरडा ऐकू येत होता. मग ऐकू येईनासा झाला. परत आल्या तेव्हा मावशींचा एकच हात काठावर होता, दुसरा मांडीवर, आणि मांडीवर पाण्यातून काढलेलं एक शिंगाड्याचं पान.

त्यानंतर तीन-चार वर्षं त्यांनी काम केलं. मग मुलीनं अकोल्याला बोलावून घेतलं. शेड गिरणीवाल्याच्या भाच्यानं घेतलं. त्या जाणार त्या दिवशी मी पुलगावच्या बसस्थानकावर गेलो. नातीसाठी त्यांनी फायबरचा अंघोळीचा टब केला होता, हळदीच्या रंगाचा, चांगला मोठा. तो त्यांनी बसमध्ये मधल्या वाटेत आडवा घातला होता आणि कंडक्टर म्हणत होता की एवढं सामान चालत नाही, तिकीट लागेल.

"लावा नं," मावशी म्हणाल्या. "बाईमानसाले अर्धं हाय, माह्यं अर्धं. टबाचं अर्धं. दोघाईचं मिळून एक पूरं फाडा."

बसमधले लोक हसले. कंडक्टर हसू दाबत म्हणाला, "टब बाईमानूस हाय का मावशी?"

"नातीचा हाय, मंग काय बाप्याचा हाय?"

पुढून येणाऱ्या माणसांना वाट नव्हती. एकेक जण टबात पाय टाकून पलीकडं जात होता. कंडक्टरनं शेवटी तिकीट फाडलं आणि हात मोकळे करायला आपली चामड्याची पिशवीही त्या टबात ठेवली. बस निघाली. मी खाली उभा राहून तिच्या मागच्या काचेतून आत बघितलं, मावशी माझ्याकडं बघत नव्हत्या. कुणीतरी एक लहान पोर टबात बसवलं होतं आणि त्या वाकून त्याला काठ कसा धरायचा ते दाखवत होत्या.